बाशिंगाचं विमान

कळंब, १८ जुलै १९९७

सौ. सारजास,

पत्र वाचून दाखवणार रेश्मा, म्हणून आधी तिला आशीर्वाद, मग दोन्ही बाळांना, आणि उरतील तेवढे सगळे तुला.

झुंबरच्या बूथवरून दोनदा फोन लावला. पहिल्यांदा रेश्मा म्हणाली, आई अंघोळीला गेल्यात. दुसऱ्यांदाही अंघोळच. चिंचवडला पाण्याची एवढी चंगळ असेल असं वाटलं नव्हतं. (सूनबाई, तुझा दोष नाही. तुला सांगितलं तेच तू म्हणालीस.) पैसे घेताना झुंबरनं माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणून आता पत्र.

इकडं एकादशी झाली, देव झोपले, लग्नं थांबली. दादासाहेबांनी त्यांच्या मंगल कार्यालयाच्या किल्ल्या माझ्याकडंच ठेवल्यात. म्हणाले, "गुरुजी, आता तुळशीच्या लग्नापतूर तुमाला काय काम न्हाय. फकस्त उंदरं बघा." मी रोज सकाळी जातो, हॉल झाडतो आणि नवरदेवाच्या खुर्चीत जरा बसतो. लग्न नसलेलं मंगल कार्यालय तू कधी पाहिलं नाहीस. खांबांना सुतळ्या तशाच लोंबतात, अक्षतांचे दाणे कोपऱ्यात राहतात, चिमण्या ते टिपतात. मुलं परीक्षेला बसली की शाळेची एक शांतता असायची, तशी काहीशी. मग मी पाचवीच्या पुस्तकातली पाखरांची कविता मोठ्यानं म्हणतो. हॉल ती परत म्हणून दाखवतो. वर्गातल्या पोरांपेक्षा चांगली म्हणतो.

वैशाखात तू पोराकडं राहायचं म्हणून कपडे न्यायला आलीस, तेव्हा बारामतीच्या स्टँडवर गाडीत बसताना विचारलंस, "तितं कुणासाठी ऱ्हाताय तुमी?" मी म्हणालो, घरासाठी. तू म्हणालीस, "घर काय वाट बघतंय व्हय तुमची?" आणि कंडक्टरनं घंटी मारली. तुझा राग उतरला नाही हे अंघोळींवरून कळतं. पण खरं सांगतो, त्याच्याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

काल मात्र एक गंमत झाली. शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई आल्यात, विजयमाला. बारामतीहून रोज ये-जा करतात. दुपारी कार्यालयाच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "गुरुजी, हॉल पाहिजे होता. भाडं नाही देता येणार." मी विचारलं, लग्न कुणाचं? म्हणाल्या, "विमानाचं." खोलीत उडणारी विमानं असतात म्हणे. इंजिन नाही, रबराचा दोरा असतो. त्याला पीळ भरायचा, पीळ सुटत जातो तशी पुढची पाती फिरते आणि विमान हळूहळू वर चढतं. वजन पोस्टकार्डाहून कमी. म्हणून वारा अजिबात चालत नाही. शाळेच्या खिडक्यांना काचा नाहीत. गावात उंच छताची, दारं लावून घेता येईल अशी जागा हीच एक.

मी हो म्हणालो. उंदीर बघण्यापेक्षा विमानं बघणं बरं.

तुझा
सावळाराम


कळंब, ५ ऑगस्ट १९९७

सौ. सारजास,

रेश्माचं कार्ड मिळालं. धाकटी पालथी पडायला लागली, वाचून बरं वाटलं. तुझ्याबद्दल एकच वाक्य होतं, 'आई बऱ्या आहेत.' मीही बरा आहे. शेजारची आक्काबाई सकाळी भाकरी देते. संध्याकाळी मी भात टाकतो.

पोरं दहा-बारा येतात, पण खरी चिकाटीची दोनच. एक सुकन्या, माळेगावच्या कारखान्यात वडील आहेत ती, आजोळी राहून आठवीत शिकते. बोलते कमी, कापते सरळ. दुसरा सिद्धू. त्याच्या आज्याची मेंढरं होती, आठवतं का, आपल्या बांधाला बसायची? आता बाप उसाच्या ट्रॅक्टरवर आहे. सिद्धू गप्प बसूच शकत नाही, आणि या विमानांना तर बोललेलंही सोसत नाही.

विमान करायला परदेशी हलकं लाकूड लागतं म्हणे, ते पुण्यात मिळतं आणि महाग. बाईंनी सांगितलं, आपल्याकडं काय आहे ते बघा. पोरांनी कडब्याची पेंढी आणली. ज्वारीच्या ताटाची वरची साल, तिच्या चोया काढून पंखाची चौकट. आतला पांढरा गर, ते भेंड, त्याचे बारके तुकडे जोडायला. लहानपणी आपण त्याच्या बैलगाड्या करायचो, तेच. पंखावर ताणायला नव्या साडीच्या पुडक्यातला पातळ कागद. रबराचा मात्र प्रश्न आला. सायकलच्या ट्यूबची पट्टी जड पडते. दोन दिवसांनी सिद्धूनं कुठूनतरी बारीक रबरी दोरे आणले, एकदम झकास. बाईंनी विचारलं, कुठून रे? म्हणाला, "आज्ज्याच्या चड्डीच्या इलास्टिकातनं उसवलं. आज्जा आता नाडी लावतोय. चिडलाय लई, पर धावता येईना त्येला."

रबराला एरंडेल लावतात, म्हणजे पीळ भरताना तुटत नाही. सुताराच्या हातानं फिरवायच्या ड्रिलनं पीळ भरतात. मग सुकन्या विमान दोन बोटांत धरते, आणि फेकत नाही, नुसतं सोडून देते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पडणार. ते पडलं नाही. ते तिथंच हवेत राहिलं, विचार केल्यासारखं, आणि मग वळून चढायला लागलं. आवाज नाही, काही नाही. आपण चालतो त्याहून सावकाश.

मला राहवलं नाही, मी 'वा' म्हणालो. विमान डगमगलं. सिद्धू म्हणाला, "गुरुजी, श्वास घ्या, पर सोडू नगा."

बाईंकडं सेकंदाचं घड्याळ आहे. मी आपला मनातल्या मनात कविता म्हणतो. पहिल्या दिवशी अर्धं कडवंसुद्धा झालं नाही. परवा दोन कडवी पुरी उडालं. पोरं आता मलाच विचारतात, "गुरुजी, किती कडवी?"

तू असतीस तर म्हणाली असतीस, शेवटी कवितेचा काहीतरी उपयोग झाला.

तुझा
सावळाराम


कळंब, २ सप्टेंबर १९९७

सौ. सारजास,

हे पत्र रेश्मानं जरा सावकाश वाचावं, आणि सारजा, तू मध्येच उठून जाऊ नकोस.

पावसाळी हवेनं कडबा दमट झालाय. भेंड वाकतं, पात्या मुरडतात, विमान एका अंगाला झुकून भिंतीवर जातं. नवी ज्वारी निघायला माघ उजाडेल. हॉलच्या माडीवर लग्नघरांनी टाकून दिलेली बाशिंगं असतात, मला वाटलं त्यांत भेंड मिळेल. पाहिली तर सगळी थर्माकोलची, वर चमकी. हात लावला की बोटाला चिकटते. आपल्या वेळी माळी भेंडाचीच करायचा.

पोरं तोंडं पाडून बसली होती. सुकन्यानं पाती तीनदा कापून तीनदा टाकली. मी घरी आलो, चहा ठेवला, आणि वर पाहिलं.

मधल्या खोलीच्या तुळईला आपली दोन बाशिंगं बांधलेली आहेत. चाळीस पावसाळे चुलीचा धूर खाऊन भेंड असं वाळलंय की फुंकर मारली तर हलावं. मी स्टूल घेतलं. माझं सोडलं. फक्त माझं. तुझं जसं आहे तसंच आहे, त्याला हातही लावला नाही.

पोरांना सांगितलं नाही कुठलं ते. सुकन्यानं ब्लेडनं त्याचे पापुद्रे काढले, कांद्याच्या पातीसारखे. त्यातून पाती झाली, शेपटी झाली. काल ते विमान छताजवळ जाऊन पंख्यांच्या खालून फिरत राहिलं. चौथं कडवं चालू असताना सिद्धूसुद्धा गप्प होता. त्याच भेंडाचं बाशिंग बांधून मी एकदा घोड्यावर बसलो होतो आणि खाली पडतो की काय अशी भीती वाटत होती. ते इतकं हलकं होतं हे तेव्हा कळलं नव्हतं.

घरी आल्यावर मी मधल्या खोलीत बसलो. तुझं बाशिंग एकटंच हलत होतं. खिडकी बंद केली, तरी थोडं हलतच होतं.

तुझा
सावळाराम


कळंब, १६ सप्टेंबर १९९७

सौ. सारजास,

रेश्माचं कार्ड आलं. तिनं लिहिलंय, 'आई म्हणाल्या, बाशिंग घर मोडताना खाली काढतात.' आणि खाली, 'आई म्हणाल्या, पाडव्याला ओवाळून घ्यायला या. आला नाहीत तर पुन्हा बोलावणार नाही.' बिचाऱ्या पोरीनं दोन्ही वाक्यं सुवाच्य अक्षरात लिहिली आहेत, म्हणजे तुझा आवाज ऐकू येतो.

मी वाद घालत नाही. घर मोडायचं माझ्या मनात नव्हतं. पण तू म्हणतेस तर असेल. मोडलं असेल तर ते बाशिंगानं मोडलं की त्याच्या आधीच, ते तू मला सांग. चुलीपुढं एक माणूस बसतं आणि ताटही एकच मांडतं, त्याला घर म्हणतात का हेही सांग.

पाडव्याला येतो. शब्द दिला.

तुला वाटतं मला तिकडं यायचंच नाही. तसं नाही. पोरगं चांगलं आहे, सून लाखात एक आहे (हे तोंडावर म्हणून नव्हे, रेश्मा). गेल्या वर्षी आठ दिवस राहिलो, तेव्हा सकाळी विजयसिंह कंपनीत, रेश्मा नोकरीवर, थोरला शाळेत, तू स्वयंपाकघरात. मी गॅलरीत. समोरच्या गॅलरीत एक म्हातारे बसायचे. चौथ्या दिवशी मी नमस्कार केला. त्यांनीही केला. मग ते आत गेले आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. एवढंच. त्यात कुणाचा दोष नाही. पण कुणी मला काही विचारलं नाही गं त्या आठ दिवसांत. पंख्याचा वेग किती ठेवू, एवढं सोडून.

पाडव्याला येतो.

तुझा
सावळाराम


कळंब, १२ ऑक्टोबर १९९७

सौ. सारजा आज्जी यांस,

सुकन्याला शुद्धलेखनाचा सराव व्हावा म्हणून आज मी सांगतो आणि ती लिहिते आहे. तरी अक्षर निराळं दिसलं तर काळजी करू नये.

काल दसरा झाला. आपट्याची पानं घेऊन सगळी पोरं आली होती. सिद्धूनं विमानालाही एक पान दिलं, मग त्याच्या वजनानं विमान उडेना म्हणून परत घेतलं.

एक सांगायचं होतं. दादासाहेबांनी लग्नसराईच्या आधी कार्यालयाचं रंगकाम काढलंय. मजुरांवर लक्ष ठेवायला मलाच थांबावं लागेल. तेव्हा पाडव्याला येणं जमेलसं दिसत नाही. शब्द मोडतोय, पण नाइलाज आहे. तू समजून घेशील. प्रकृती उत्तम आहे.

(आज्जी, हे पुढचं गुरुजींनी सांगितलेलं नाही. ते पाणी प्यायला उठलेत. मी सुकन्या. रंगकाम काय पण नाही. विमान वरच्या पंख्याच्या दांडीला अडकलं होतं. आम्ही जेवायला गेलो होतो. गुरुजी मांडववाल्यांची शिडी लावून चढले आणि पडले. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. आक्काबाईचा जावई जीपमधून दवाखान्यात घेऊन गेला. विमान त्यांनी डाव्या हातात वर धरलं होतं, त्याला काय झालं नाही. शर्टाची बटणं सिद्धू लावतो, पण तो एक सोडून लावतो. गुरुजी म्हणाले, आज्जीला कळलं तर ती मला इथं ठेवायची नाही. आज्जी, ते रोज तुमची वाट बघतात असं नाही म्हणत, पण चार वाजता एसटी येते तेव्हा ते बोलायचे थांबतात. ते आले.)

सर्वांना दसऱ्याचे आशीर्वाद.

सावळाराम


कळंब, २२ ऑक्टोबर १९९७

सारजास,

डाव्या हाताचं अक्षर आहे. पहिलीतल्या पोराचं बरं असतं. रेश्माला लागेल तेवढा वेळ लागू दे.

तिचं कार्ड काल आलं. आबा, हाताला कसं आहे, असं विचारलंय. म्हणजे सुकन्यानं लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "मग काय करू? तुमीच म्हणता, निबंधात खोटं लिहू नये."

कार्डात तुझा एक शब्द नाही. आधी दोन वाक्यं तरी होती.

का लपवलं ते तुला ठाऊक आहे. तू विजयसिंहाला पाठवलं असतंस. तो रजा काढून आला असता, माझी ट्रंक भरली असती, घराला कुलूप. आणि तो काही वाईट वागला नसता. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नसतं.

एसटीतून जाऊ नका, धक्का बसेल, असं डॉक्टर म्हणाले. हे मात्र खरं आहे. पाडव्याचं ओवाळणं राहणार. तू म्हणाली होतीस, पुन्हा बोलावणार नाही. तुझा शब्द तू पाळतेस हे मी चाळीस वर्षं पाहतोय.

दिवाळीला तेल लावायला हात पोचत नाही. पाठ राहिली तर राहिली.

सावळाराम


कळंब, ८ नोव्हेंबर १९९७

सौ. सारजास,

प्लास्टर काल काढलं. हात निघाला तो दुसऱ्याच कुणाचा असावा असा, पांढरा आणि बारीक. अक्षर लंगडतंय, पण माझं आहे.

पाडव्याला काय झालं ते तुला माहीतच आहे, पण तू रेश्माला काही सांगितलं नसशील. ती दर वेळी माझी पत्रं वाचते, तिला अर्धवट गोष्ट का सांगायची? तेव्हा हे तिच्यासाठी.

रेश्मा, पाडव्याला सकाळी आम्ही हॉलमध्ये होतो. शाळेला सुट्टी, पोरांच्या खिशात शंकरपाळे. सुकन्यानं विमान नुकतंच सोडलं होतं. दारं लावलेली, पंखे बंद, सगळे भिंतीला पाठ लावून खाली बसलेले. दुसरं कडवं चालू होतं. तेवढ्यात मोठं दार करकरलं आणि उजेडाची पट्टी आत आली. सिद्धूनं वळूनही पाहिलं नाही. नुसता खेकसला, "दार लावा की वो! वारा यायलाय!"

दार लागलं. आत आलेलं माणूस चपला काढून तिथंच, दाराशी, खाली बसलं. हातात पिशवी, डोक्यावर पदर. विमान डगमगलं होतं ते सावरलं आणि फिरत फिरत तिच्या डोक्यावरून गेलं. तिनं मान वर केली. तेव्हा मला दिसलं, ही तुझी सासू.

मी कविता विसरलो. किती कडवी झाली ते मला अजून माहीत नाही. बाईंच्या घड्याळात असेल.

पीळ संपला तसं विमान उतरायला लागलं. पाती थांबते, तरी ते लगेच पडत नाही, तरंगत येतं. फरशीला टेकलं. तेव्हा कुठं सिद्धू म्हणाला, "कोण हाय म्हातारे? लग्न न्हाय आज."

सारजा म्हणाली, "म्हाईत हाय मला. माजं लागलंय."

पोरं इतकी हसली. आणि मग सुकन्या उठून तिच्या पाया पडली, आणि कान धरले. सारजा तिला म्हणाली, "तू व्हय ती कंसातली? असंच लिवत जा."

बारामतीला गाडी बदलून ती एकटी आली होती. विजयसिंहाला म्हणाली होती म्हणे, सोडायला येऊ नको, मी काय विमान हाय व्हय मोडायला. घरी आली, पाणी तापवलं, पाठीला तेल लावलं. पाटाभोवती रांगोळी काढली. ओवाळलं. मी डाव्या हातानं ताटात ओवाळणी टाकली, ती म्हणाली, "चालतंय. देव डावं-उजवं बघत न्हाय."

मग तिनं वर पाहिलं. मी म्हणालो, तुझं तसंच ठेवलंय. ती म्हणाली, "येकटं कशाला टांगून ठिवलंय? खाली काढा." मी म्हणालो, अगं, घर मोडताना काढतात ना? तर म्हणाली, "व्हय, म्हनलं हुतं म्या. काढा." सिद्धूला बोलावून तिनं स्वतःच्या हातानं ते त्याला दिलं. तो घाबरून घेईना. म्हणाला, "आज्जी, मोडलं तर?" ती म्हणाली, "मोडायचंच हाय. कापून घ्या. पर उडू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला सोडायला मी बारामतीपर्यंत गेलो. डॉक्टरांचा धक्का राहिला बाजूला. रेश्मा, इथपर्यंतचं तुझ्यासाठी. बाळांना पापा.

सारजा, तू आलीस, बरं वाटलं. आणखी काय लिहू?

तुझा
सावळाराम


कळंब, २३ नोव्हेंबर १९९७

सौ. सारजास,

मागच्या पत्रात बारामतीच्या स्टँडपाशी येऊन मी थांबलो. पुढचं लिहिलं नाही. आज लिहितो. रेश्मानं ऐकलं तरी चालेल आता.

तू खिडकीशी बसलीस. मी खाली उभा. मला वाटलं आता विचारशील. कळंबपासून तिथपर्यंत सारी वाट मी तयारी करत आलो होतो. वैशाखात विचारलं होतंस, तेच पुन्हा विचारशील, आणि या वेळी मी वाद घालणार नव्हतो. गाडीत चढलोसुद्धा असतो, अंगावरच्या कपड्यांनिशी. तू पिशवी मांडीवर नीट ठेवलीस, आणि म्हणालीस, "म्या आता बोलवणार न्हाय तुमाला. रागानं न्हाय. बघितलं म्या. ती पोरं तुमच्याकडं तोंड करून बसत्यात. तितं गॅलरीत काय हाय तुमाला? ऱ्हावा हितंच."

आणि माझ्या शर्टाचं बटण सारखं केलंस, खिडकीतून हात काढून. गाडी गेली.

सारजा, मला हवं होतं तेच तू दिलंस. सहा महिने मी त्यासाठी हट्ट धरला होता. स्टँडवर मी पुढच्या दोन गाड्या जाऊ दिल्या. बसून राहिलो. तू रागानं म्हणाली असतीस तर मला राहता आलं असतं. राग आहे तोवर माणूस भांडत का होईना, धरून ठेवतं. तू सोडून दिलंस. सुकन्या विमान सोडते तसं, अजिबात न ढकलता. आणि मला कळेना कुठं जायचं.

परवा या हंगामातलं पहिलं लग्न लागलं. आदल्या दिवशी पोरांनी विमानं खोक्यांत भरली आणि विजयमाला बाई ती बारामतीला घेऊन गेल्या. तुझ्या बाशिंगाचं विमान झालं का विचारशील, तर झालं. पंख त्याचेच केलेत, आणि पाती माझ्यातली. पहिल्याच दिवशी अख्खी कविता उडालं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. सिद्धू म्हणाला, "गुरुजी, आता लांब कविता शोधा."

लग्नाला सकाळपासून सगळे पंखे चालू. बँड, लाऊडस्पीकर, पोरांची पळापळ. अक्षतांच्या वेळी मी खांबापाशी उभा होतो. हॉल माणसांनी भरलेला, आणि मला एकही माणूस दिसेना. माझी नजर सारखी वर जायची, जिथं काहीच फिरत नव्हतं. वरकुट्याचे एक पाहुणे जेवताना म्हणाले, "गुरुजी, काकू दिसत न्हाईत?" मी म्हणालो, पोराकडं असते. "मग तुमी?" पंगतीत भाताचा वाढपी आला म्हणून सुटलो.

रात्री घरी तुळई मोकळी दिसली. दोन्ही सुतळ्या नुसत्याच.

आज सकाळी दादासाहेबांकडं गेलो. म्हणालो, किल्ल्या घ्या. लग्नसराईला तरणा माणूस बघा, मला आता आवाज सोसत नाही. पण पौषात लग्नं नसतात आणि चातुर्मासात नसतात, तेव्हा किल्ल्या मला परत द्या. दादासाहेब म्हणाले, "गुरुजी, मॅनेजरला लग्नं नसताना नोकरी पायजे, असं जगात पैल्यांदाच ऐकतोय." पण हो म्हणाले. पोरांची विमानं त्याच दिवसांत उडवायची, याला विजयमाला बाईही हो म्हणाल्या. सिद्धू म्हणाला, "म्हंजी देव झोपलं की तुमी येणार, न् देव उठलं की जाणार. समद्या जगाच्या उलटं."

तसंच समज. देव जागे असतील तेवढे दिवस मी गॅलरीत बसेन. समोरच्या म्हाताऱ्यांनी दार लावलं तर लावू दे. थोरल्याला पाखरांची कविता शिकवेन, तू आतून ऐक. आणि पोरांच्या दिवसांत तू चार दिवस इकडं आलीस तर दाराशी बसायला जागा ठेवायला सांगेन. जमलं नाही तरी मी परत येईन. कुलूप लावलं तरी घर आपलंच आहे.

पण हे सगळं माझं मी ठरवलंय. तू बोलावलेलं नाहीस, आणि तू शब्द पाळतेस. म्हणून बोलावू नकोसच.

गुरुवारी संध्याकाळी मी झुंबरच्या बूथवर असेन. तू फोनवर ये. अंघोळ आधी उरकून घे. काय बोलायचं ते सुचलं नाही तर काळजी करू नकोस, आपल्याला फोनवर बोलायची सवय नाही. 'का येताय' एवढं फक्त विचारू नकोस. 'कधी' एवढंच विचार.

तुझा
सावळाराम